'नॉर्मल आहे, सवय करून घ्या' : मुंबईतल्या कानाच्या डॉक्टरांना एक खुलं पत्र

मुंबईतल्या तमाम कान-नाक-घसा डॉक्टरांना, म्हणजे पालिकेच्या ओपीडीत दोनशे पेशंटच्या लायनीपुढे बसणाऱ्यांपासून ते पार्ल्या-बांद्र्यात एसी क्लिनिक असणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठी नाटकांचं म्युझिक ऑपरेट करतो. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, सगळीकडे अंधारात मिक्सर घेऊन बसलेला एक माणूस असतो बघा, ज्याच्याकडे एरवी कोणी बघत नाही आणि माईकने शिट्टी मारली की अख्खं थिएटर मान वळवून बघतं, तो मी. नुसत्या नाटकावर घर चालत नाही म्हणून गणपती, नवरात्र, ऑर्केस्ट्रा, लग्नाचे हॉल अशी बाहेरची कामंही निम्मं आयुष्य केली. कानात आवाज यायला लागून, म्हणजे बाहेर कसलाही आवाज नसताना ऐकू येणारी ती शिटी, जिला तुम्ही टिनिटस म्हणता, ती सुरू होऊन आता बरीच वर्षं झाली. दोन्ही कानात, बारीक, सहा-सात हजार हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर, दिवसा ट्रॅफिकमध्ये दबलेला असतो आणि रात्री प्रयोग संपवून शेवटची लोकल पकडून घरी आलो की स्वच्छ ऐकू येतो.

माझं आता बरं चाललंय, त्यामुळे रडगाणं गाणार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. 'ऑडिओग्राम नॉर्मल आहे, काही नाहीये, याला इलाज नाही, सवय करून घ्या.' मला हे तुमच्यापैकी एकांनी (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, घाईत होता) केसपेपर पुढे सरकवता सरकवता सांगितलं. आणि नंतर मी विचारत गेलो तसं कळलं की आमच्या लायनीतले लाइटवाले, ढोल-ताशावाले, एक ट्रम्पेटवाला, आमच्या बिल्डिंगमधली कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून रात्रपाळी करणारी मुलगी, या सगळ्यांना जवळपास हेच वाक्य, याच क्रमाने, मिळालंय. कोणीतरी छापून दिल्यासारखं.

मी डॉक्टर नाही. पण मला त्या वाक्यानंतर झोप लागेना म्हणून जे जे वाचता आलं ते वाचलं, आणि पुढे एका चांगल्या ऑडिऑलॉजिस्ट (ऐकण्याच्या तपासणीच्या तज्ज्ञ) बाईंनी माझ्या शंकांना कंटाळा न करता उत्तरं दिली. आणि मला जे समजलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त माहीत आहे, हाच तर वैताग आहे. माहीत आहे तर सांगत का नाही?

आधी त्या 'नॉर्मल'चं बघू. ऑडिओग्राम म्हणजे शांत केबिनमध्ये बसवून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे ठराविक सूर ऐकवायचे आणि कमीत कमी किती आवाजात ऐकू येतो ते नोंदवायचं. माणसाचा कान तरुणपणी २०००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे वरचा बराच पट्टा तपासलेलाच नसतो. आणि जो पट्टा तपासला त्यातही फक्त 'हळू आवाज कळतो का' एवढंच कळतं. दादर स्टेशनच्या पुलावर समोरचा माणूस काय बोलतोय ते कळतं का, हे त्या कागदावर कुठेच नसतं. मी त्या डॉक्टरांना सांगितलं होतं की गर्दीत मला शब्द तुटक ऐकू येतात, तर म्हणाले गर्दीत सगळ्यांनाच तसं होतं.

२००९ साली बॉस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर एक प्रयोग केला, तो वाचल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. उंदरांना फक्त २ तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. १०० डेसिबल म्हणजे काय ते आमच्या लायनीतल्या कुणालाही विचारा, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ उभं राहिलं तर तेवढा सहज मिळतो आणि तो दोन तासात संपत पण नाही. तर त्या उंदरांचं ऐकणं आधी कमी झालं आणि मग काही दिवसांनी पूर्ण परत आलं. तुमच्या भाषेत ऑडिओग्राम नॉर्मल. कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, पण सगळ्या जागेवर. पण त्या केसपेशी आणि श्रवणाची नस यांच्यातले जे जोड असतात, सिनॅप्स, ते जास्त फ्रिक्वेन्सीच्या भागात जवळजवळ निम्मे गेले होते, कायमचे. आणि पुढे त्या नसेच्या पेशीही हळूहळू मरत गेल्या.

माणसाच्या एका कानात आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजारच असतात, बाहेरच्या बारा हजारच्या आसपास, आणि नसेचे धागे तीस हजार. त्वचा परत येते, केस परत येतात, या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आणि जनावरांवरच्या काही प्रयोगांत दिसलं त्यानुसार सिनॅप्स तुटतात ते जास्त करून अशा धाग्यांचे जे मोठ्या आवाजात, गोंगाटात कामाला येतात. हळू सूर ऐकणारे धागे शाबूत. म्हणून केबिनमधल्या टेस्टला पास आणि पुलावर नापास. जिवंत माणसाच्या कानात हे जोड मोजता येत नाहीत, मेल्यानंतरच्या तपासणीत मात्र माणसांमध्येही हा ऱ्हास दिसलेला आहे.

आता खरा मुद्दा, आणि इथे मला माझ्या धंद्यामुळे जरा पटकन समजलं. समजा नटाच्या कॉलर माईकची वायर खराब झाली आणि सिग्नल निम्मा यायला लागला. मी काय करणार? प्रयोग चालू आहे, थांबवता तर येत नाही, मी त्या चॅनलचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल मोठा करायचं बटण, वाढवणार. नटाचा आवाज परत पहिल्यासारखा ऐकू येईल पण त्याबरोबर लायनीतला जो हिस्स आवाज आधी कळतही नव्हता तो पण वर येणार, आणि नट गप्प उभा राहिला की थिएटरभर तो हिस्सच ऐकू येणार. मेंदू नेमकं हेच करतो असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे आणि मजा म्हणजे ते त्याला गेनच म्हणतात, सेंट्रल गेन. कानातून येणारा माल कमी झाला की वरची यंत्रणा आपला गेन चढवते, आणि नसांचं जे नेहमीचं आपोआप चालणारं टिकटिक असतं, जे शांततेत सुद्धा चालू असतं, ते आवाज म्हणून ऐकू यायला लागतं.

हे नुसतं कल्पनेत नाहीये. २०११ मध्ये लंडनच्या रोलंड शेट आणि डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी अशा बायकांची तपासणी केली ज्यांच्या कानात आवाज येत होता पण ऑडिओग्राम नॉर्मल. त्यांची ती डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून करतात ती टेस्ट केली, आपल्याकडे जिला बेरा म्हणतात ती. बेरामध्ये लाटा दिसतात, पहिली लाट श्रवणाच्या नसेची, पाचवी वर ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) माथ्याकडची. या बायकांमध्ये पहिली लाट लहान निघाली आणि पाचवी नॉर्मल. म्हणजे खालून माल कमी येतोय आणि वर पोचेपर्यंत तो पुरेसा झालेला आहे. मधे कुणीतरी गेन वाढवलाय ना! नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असं स्वच्छ निघालं नाही, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही, पण 'काही नाहीये' म्हणण्याइतकं तरी ते निश्चितच नाही.

आणि हे 'मधे' म्हणजे नक्की कुठे, तर ती वाट लांबलचक आहे. नस संपते तिथे ब्रेनस्टेममध्ये कॉक्लियर न्यूक्लियस, मग ऑलिव्ह नावाचा भाग जिथे दोन्ही कानांचा हिशोब जुळवला जातो, मग मिडब्रेनमधला इन्फिरियर कॉलिक्युलस, मग थॅलॅमस आणि मग कानशिलामागचा ऑडिटरी कॉर्टेक्स. या प्रत्येक स्टेशनवर दोन प्रकारच्या पेशी असतात, चला म्हणणाऱ्या आणि थांबा म्हणणाऱ्या. थांबा म्हणणाऱ्या पेशी गाबा आणि ग्लायसीन ही रसायनं वापरतात. कानाला इजा झाल्यावर जनावरांच्या मेंदूत हा थांबा कमी झालेला दिसतो, पेशी आपोआप जास्त वेळा फायर व्हायला लागतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारशेजारच्या पेशी एकदम फायर व्हायला लागतात. विस्कळीत टिकटिक मेंदू सोडून देतो. एका ठेक्यात आलेली टिकटिक मात्र त्याला बाहेरून आलेला आवाज वाटते. त्यात चूक मेंदूची तरी काय, एरवी ठेक्यात फक्त खरा आवाजच येतो.

कॉर्टेक्समध्ये तर सूर ओळीने मांडलेले असतात, खालचे एका टोकाला वरचे दुसऱ्या. १९९८ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की टिनिटस असलेल्यांत त्या सुराची जागा सरकलेली असते आणि जितकी जास्त सरकलेली तितका त्रास जास्त. अनेक वर्षं हेच कारण म्हणून सांगितलं जायचं. मग २०१२ मध्ये डच संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या टिनिटसवाल्यांचे एमआरआयवर नकाशे काढले तर ते अगदी नॉर्मल, कुठे काही सरकलेलं नाही. म्हणजे सरकणं हे बहुतेक बहिरेपणाबरोबर येतं, शिटीसाठी ते लागतंच असं नाही. शास्त्र असंच चालतं, दोन पावलं पुढे एक मागे, पण हे सुद्धा पेशंटला सांगितलं तर त्याला बरं वाटतं हो, की कुणीतरी यावर काम करतंय.

आवाज कानात तयार होत नाही याचा सगळ्यात जबरदस्त पुरावा मला वाटतो तो म्हणजे ऑपरेशनचा. नसेवरचा ट्यूमर काढताना ज्यांची श्रवणाची नसच कापावी लागली, म्हणजे त्या कानाचा मेंदूशी संबंधच संपला, त्यातल्या कित्येकांचा आवाज तसाच राहिला, काहींचा तर वाढला. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाचं दुखणं जाणवतं त्यातलाच प्रकार. आणि उलट बाजूने, बहिऱ्या माणसाला कॉक्लियर इम्प्लांट (थेट श्रवणाच्या नसेला विजेचे सिग्नल देणारं यंत्र) बसवलं आणि मेंदूला परत सिग्नल मिळायला लागला की बऱ्याच जणांची शिटी कमी होते.

अजून एक प्रयोग सांगतो कारण त्याचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. २०१२ मध्ये याच शेट यांनी १८ धडधाकट लोकांच्या एका कानात आठवडाभर इअरप्लग घालून ठेवला. १८ पैकी १४ जणांना कानात आवाज यायला लागले! प्लग काढला, आवाज गेले. म्हणजे गेन वाढायला बहिरेपणाच लागतो असं नाही, कान नुसता बंद करून ठेवला तरी पुरे. आता आमच्याकडे काय होतं बघा. कानात आवाज यायला लागला की घरचे म्हणतात कापूस घाल, आवाजापासून लांब राहा, खिडक्या बंद करून झोप. माणूस घाबरून स्वतःला शांततेत कोंडून घेतो आणि शिटी अजून मोठी होते. आमच्या ट्रम्पेटवाल्याने तर दिवसभर कानात बोळे घालून ठेवायला सुरुवात केली होती, आणि डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतरही, कारण डॉक्टरांनी 'मोठ्या आवाजापासून जपा' एवढंच सांगितलं होतं. मोठ्या आवाजात प्लग घाला आणि बाकी वेळ काढून टाका, हे अर्ध वाक्य जास्तीचं सांगितलं असतं तर?

जबड्याचंही तसंच. मी दात आवळले की माझी शिटी चढते. मान एका विशिष्ट बाजूला वळवली की सूर जरासा बदलतो. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललोच नाही, घरी येऊन बायकोलाही सांगितलं नाही, म्हटलं हिला वाटेल डोक्यावर परिणाम झाला. प्रत्यक्षात कॉक्लियर न्यूक्लियसच्या वरच्या भागात कानाच्या नसेबरोबर चेहरा, जबडा आणि मानेच्या नसांचे धागे येऊन मिळतात, आणि टिनिटसवाल्यांपैकी खूप जणांना जबडा किंवा मान हलवून आवाज बदलता येतो. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या सुझन शोर यांनी वर्षानुवर्षं याच पेशींवर काम केलंय. आवाज आणि मान किंवा गालावर हलका विजेचा झटका, दोन्ही नेमक्या वेळेच्या अंतराने द्यायचे म्हणजे त्या पेशींचं एकदम फायर होणं मोडतं, असं त्यांचं तंत्र, आणि २०२३ मध्ये ९९ लोकांवरच्या चाचणीचे निकाल छापून आले, त्यात खऱ्या उपचाराने आवाज आणि त्रास दोन्ही कमी झालेले दिसले. त्या चाचणीत घेतलेच होते ते असे लोक, ज्यांना जबडा-मान हलवून आवाज बदलता येतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मला वेडा ठरायची भीती वाटली तीच तिकडे ॲडमिशनची अट होती.

आता 'सवय करून घ्या'. गंमत अशी की तुमच्या वाक्यातला हा भाग खरा आहे. खरंच सवय होते, बहुतेकांना होते, मला झाली. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते त्याने ती लांबते. १९९० मध्ये पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी मांडलं की आवाज ऐकू येणं वेगळं आणि त्याचा त्रास होणं वेगळं, त्रास होतो तो श्रवणाच्या वाटेला भावनांची आणि धोक्याची यंत्रणा जोडली गेली की. मेंदूने त्या शिटीवर 'धोका' असा शिक्का मारला की मग ती दिवसरात्र राखणीला बसतो, छाती धडधडते, झोप उडते, झोप उडाली की शिटी अजून जाणवते. मोजमाप केलं तर ही शिटी बहुतेकांची ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा जेमतेम पाच-दहा डेसिबल वर निघते. म्हणजे सुतभर आवाज. माझी मोजली तेव्हा मला आधी पटेचना. आणि आवाज किती मोठा यावरून त्रास किती हे ठरत नाही, बारीक शिटीवाला नोकरी सोडून बसलेला असतो आणि मोठ्या घंटेवाला निवांत पत्ते खेळत असतो.

मग ज्या क्षणी घाबरलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय आणि त्याचा मेंदू अजून ठरवतोय की ही शिटी धोक्याची आहे की नाही, त्या क्षणी पांढऱ्या कोटातला माणूस म्हणतो 'याला इलाज नाही, आयुष्यभर राहणार'. काय शिक्का बसेल सांगा? जॅस्ट्रेबॉफ आणि त्यांचे सहकारी याला निगेटिव्ह काउन्सेलिंग म्हणतात आणि त्रास वाढवणाऱ्या कारणांत धरतात. तुमचं ते एक वाक्य म्हणजे नुसतं वाक्य राहत नाही हो, ते त्या वाटेवरचं इनपुट असतं. मी काही महिने रोज रात्री तेच ऐकत झोपायचा प्रयत्न करत होतो, शिटी कमी आणि ते वाक्य जास्त.

त्याऐवजी मला पुढे ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० लोकांना एकेक करून साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि विचारलं काय ऐकू येतंय. ९४ टक्के लोकांनी सांगितलं काहीतरी आवाज येतोय, गुणगुण, शिटी, रातकिडे वगैरे. म्हणजे हा आवाज जवळपास प्रत्येक डोक्यात आहे, फक्त माझा गेन वर गेलाय आणि मी कान देऊन बसलोय. मग त्यांनी मला बूथमध्ये थोडा वेळ माझ्याच सुराच्या आसपासचा आवाज ऐकवला आणि बंद केला, आणि काही सेकंद माझी शिटी पूर्ण गायब झाली. परत आली, ती येणारच होती, त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण जे दबू शकतं ते कायमचं कोरलेलं नाही एवढं मला त्या काही सेकंदात कळलं. ते कळायला ना गोळी लागली ना सलाईन.

गोळ्यांवरून आठवलं. माझ्या केसपेपरवर गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) होतं, झिंक होतं, बी-१२ होतं आणि झोपेची अर्धी. अमेरिकेच्या तुमच्याच ईएनटी संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट लिहिलंय की टिनिटससाठी म्हणून गिंको, झिंक, मेलाटोनिन सुचवू नका, डिप्रेशन-फिटच्या गोळ्या सरसकट देऊ नका. आणि द्या काय, तर समजावून सांगा, ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एड, आणि त्रास टिकून असेल तर सीबीटी म्हणजे विचार आणि प्रतिक्रिया बदलण्याची समुपदेशनाची पद्धत. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०२० च्या आढाव्यात सीबीटीचे २८ अभ्यास एकत्र बघितले, शिटीमुळे जगण्यावर होणारा परिणाम त्याने कमी होऊ शकतो असं निघालं. म्हणजे 'इलाज नाही' हे शिटी बंद करण्यापुरतं खरं आहे, त्रास कमी करण्यापुरतं सपशेल खोटं आहे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यामुळे सगळा घोळ होतो.

तुमची बाजूही मला दिसते. पालिकेच्या ओपीडीत सकाळी जी गर्दी असते त्यात एका माणसाला पाच मिनिटं म्हणजे मागच्या दोघांचा नंबर उद्यावर. आणि तुम्हाला आधी धोक्याच्या गोष्टी बघायच्या असतात, एकाच कानात आवाज, नाडीबरोबर धडधडणारा आवाज, अचानक गेलेलं ऐकणं, चक्कर, यात खरंच काहीतरी मोठं असू शकतं आणि तिथे तुम्ही धावपळ करता, करायलाच हवी. वाचणाऱ्यांपैकी कुणाला यातलं काही होत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा, आणि ऐकू येणं अचानक गेलं तर दुसऱ्या दिवसाची पण वाट बघू नका, त्याला औषध वेळेत सुरू झालं तरच उपयोग. पण हे सगळं तपासून काही निघालं नाही म्हणजे त्या माणसाचं काम संपलं असं तुम्ही धरता, आणि त्याचं तर तिथेच सुरू होतं.

आमच्या ओळखीच्या एक मावशी, शिवडीकडे राहणाऱ्या, त्यांना मोठ्या टीबीची, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची, इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागली होती. जीव वाचला. कानात मात्र तेव्हापासून प्रेशर कुकर. ती अमिकासिन-कॅनामायसिनची जात कानातल्या केसपेशी मारते, वरच्या सुरांपासून सुरुवात करून, हे डॉक्टरांना कायम माहीत होतं. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनऐवजी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना पहिली पसंती दिली ते बरंच झालं. पण आधी ज्यांनी घेतली असे किती लोक या शहरात असतील. मावशींना कुणीही कधी सांगितलं नाही की हा आवाज त्या इंजेक्शनमुळे आहे. त्यांनी इतकी वर्षं तो देवाचा कोप म्हणून सहन केला, मग मी सांगितलं. एका नाटकवाल्याने सांगायची गोष्ट आहे का ही?

जगात साधारण १४ टक्के मोठ्या माणसांना कानात आवाज येतो, म्हणजे ७४ कोटींच्या वर लोक, असा २०२२ चा एक मोठा हिशोब आहे. त्यातल्या बहुतेकांना विशेष त्रास नसतो. साधारण २ टक्के मोठ्या माणसांना मात्र तो जबर असतो. मुंबईत ट्रेनच्या एका डब्यात किती माणसं कोंबलेली असतात त्यावरून तुम्हीच हिशोब करा, प्रत्येक डब्यात एक-दोन तरी असे उभे असतील आणि त्यांच्यातले काही रात्री जे विचार करतात ते फार वाईट असतात, मी ते केलेले आहेत म्हणून सांगतो. अशा माणसाला 'झोप येते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का' हे सरळ विचारा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वेळ नसेल तर पाठवा तरी. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, नायर हॉस्पिटलमध्ये ऑडिऑलॉजीचं शिक्षण देणारा अख्खा विभाग आहे, तिथे शिकलेली माणसं शहरभर आहेत. माझी चिठ्ठी कुणी दिलीच नाही, मी स्वतः शोधत गेलो, आणि गेलो तो ही नुसतंच 'ऐकायला येतंय की' म्हणून परत पाठवतील या भीतीने. चिठ्ठीवर एक ओळ लागते, टिनिटस, ऑडिओग्राम ८००० पर्यंत नॉर्मल, वरच्या फ्रिक्वेन्सी बघा, समुपदेशन करा. बस. आणि त्या रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिताना 'तपासलं तेवढं' हे दोन शब्द जोडता आले तर बघा.

अजून एक, आणि हे मी फुकट करून देतो. आमच्याकडे आवाजाची माणसं आहेत, रेकॉर्डिंगची सोय आहे. तुम्ही तीन-चार मिनिटांचा मजकूर तपासून द्या, की कानात आवाज येतो म्हणजे मेंदूत काय होतं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, कापूस कधी घालायचा आणि कधी काढायचा. आम्ही चांगल्या नटाच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करतो, हिंदीतही करू, वेटिंगमधल्या टीव्हीवर त्या साबणाच्या जाहिरातींऐवजी लावा. तुमची पाच मिनिटं वाचतील. आवाज मात्र बेताचा ठेवा, लेव्हल हवी तर मी येऊन सेट करून देईन, फक्त सोमवार ते गुरुवार, शनिवार-रविवार प्रयोग असतात.

आपला,
एक म्युझिक ऑपरेटर, दादर